गावच्या पत्त्यावरचा टेंपो

गुणाजीला कुणी चिकट म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. चिकट काय म्हणून? सोळा वर्षं गिरणीत साचे सांभाळले, संपात गिरणी बसली ती बसलीच, मग बायकोच्या, सुलक्षणाच्या पाटल्या मोडून जुना मॅटाडोर टेंपो घेतला आणि वर्सोव्याची मासळी मुलुंडच्या बाजारात पोचवून घर चालवलं. अशा माणसाने पै पै जपायची नाही तर काय उधळायची? हे तो तावातावाने विचारायचा, आणि विचारून झालं की समोरच्याच्याच खिशातली विडी मागून घ्यायचा.

त्याच्या सगळ्या काटकसरीत त्याला खरा अभिमान होता तो टेंपोच्या विम्याचा. मुंबईत नोंदवलेल्या गाडीला हप्ता जबरदस्त, गावाकडच्या गाडीला कमी. मुंबईत गर्दी फार, ठोकाठोकी फार, म्हणून म्हणे. मग गुणाजीने काय करावं? टेंपो सरळ कणकवलीच्या चुलतभावाच्या, नंदूच्या नावावर घेतला. पत्ता गावचा, नंबर गावचा, हप्ता गावचा, आणि गाडी फिरतेय अंधेरी, पवई, मुलुंड. घाटकोपरला असल्फ्याच्या नाक्यावर ड्रायव्हर जमले की ही हुशारी तो असा रंगवून सांगायचा, जणू सरकारला टोपी घालणारा पहिला पठ्ठ्या हाच. निम्मा नाका तेच करत होता, पण ते सोडा.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत विम्याचं वर्ष संपलं आणि मालकाची सही हवी म्हणून नंदूला गावाहून बोलवावं लागलं. नंदू तिशीचा, गरीब स्वभावाचा, बोलायला लागला की आधी हसणारा. गावी सरपंचाची जीप चालवायचा, आणि बापाने लावलेली चाळीस हापूसची कलमं, तेवढीच काय ती त्याची इस्टेट. बायको नलिनी आणि चार वर्षांची मुलगी. मुंबईला येताना गुणाजीसाठी कुळथाची पिशवी आणि सुलक्षणासाठी कोकमाची सोलं घेऊन आला.

संध्याकाळी मुलुंडहून विमा एजंट श्यामकांत आला. स्कूटर, चष्मा, बगलेत चामडी पिशवी. सरळ माणूस, हे मान्य करायला हवं. चहा पिता पिता म्हणाला, "गुणाजीराव, हप्ता वाचवायचे सरळ मार्ग आहेत हो. वर्षभर काही मागितलं नाही की सूट मिळते, ती तुम्हाला मिळतेच आहे. टेंपो जुना झालाय, कागदावर त्याची किंमत खाली आणू, तिथे थोडे वाचतील. पण मागे ज्या कोळणी बसवता ना, त्यांचे माणशी जादा पैसे भराच. तिथे हात आखडता घेऊ नका."

"माझ्या गाडीतून मासळी जाते. बायका नाही," गुणाजी म्हणाला.

"मी वर्सोव्याला स्वतः बघितलंय हो! ऐका. रस्त्याने चालणारा माणूस तुमच्या टेंपोखाली आला, तर कंपनी त्याला भरपाई देते. पण तुमच्याच टेंपोत बसलेली बाई पडली आणि तिचे पैसे भरलेले नसले, तर कंपनी दमडी देत नाही. मग सगळं मालकाकडून वसूल."

"मालक म्हंजे?" नंदूने विचारलं.

श्यामकांतने चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही. कागदावर तुमचंच नाव आहे. कोर्टाचं पहिलं बोलावणं तुमच्या घरी येणार. घर, जमीन, जे असेल त्यावर जप्ती."

नंदूचा चेहरा पांढराफटक पडला. सही करण्याआधी त्याने कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. आणि गुणाजी? तो हसला. "पुढच्या वर्षी भरू हो बायकांचे. चार वर्षांत खरचटलं नाही कुणाला." असं म्हणून त्याने श्यामकांतची बोळवण केली. रात्री नंदू जेवला नाही. भाताभोवती बोट फिरवत बसला होता, ते सुलक्षणाच्या लक्षात आलं, गुणाजीच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो भरायला गुणाजीने नंदूलाही वर्सोव्याला नेलं. त्या दिवशी मागे बसायला एकटी मथुरा होती. तिच्या रोजच्या सोबतिणी मंजुळा आणि चंपा मढला लग्नाच्या हळदीला गेल्या होत्या. मथुरा पंचेचाळिशीची, नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या डोक्यावरच्या पाटीवर चाललेलं. गुणाजीने तिला पुढे केबिनमध्ये बसायला सांगितलं. जागा होती.

"पाटी तिकडं नि मी हिकडं? यडा झालास काय?" मथुरा म्हणाली. कोळणी पाटीला सोडून बसत नाहीत, बसल्या तर वाटेत एखादं पापलेट कमी होतं, हा त्यांचा अनुभव. ती मागच्या फाळक्याशी बसली, एक हात पाटीवर, एक हात साखळीवर. रोज तशीच बसायची.

टेंपो अंधेरीतून साकीनाक्याकडे निघाला. नंदूचं उतरलेलं तोंड बघून गुणाजीला चीडही आली आणि हसूही आलं. आता ह्या माणसाला धीर द्यावा की नाही? दिला असता तर पुढचं काही घडलं नसतं असं गुणाजीला नंतर वाटत राहिलं. पण त्याला सुचली ती थट्टा.

"घाबरतंस कित्याक रे?" तो म्हणाला. "हयचे ड्रायव्हर काय म्हणतत, ठाऊक आसा? माणूस पुरतो मेलो तर एकदाच काय ता भरूचा. अर्धो मेलो तर जन्मभर पोसूक लागता. म्हणून कोण कोण गाडी परत मागे घेतत!"

आणि खो खो हसला. नाक्यावर ह्या वाक्याला सगळेच हसायचे. नंदू हसला नाही.

पवईच्या तलावाकाठी त्या काळात सकाळी कुत्रंसुद्धा नसायचं. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि खाली पाणी. पाण्यावर धुकं होतं, पण रस्ता स्वच्छ दिसत होता. वळणावर झाडीतून एक म्हैस रस्त्यात आली. गुणाजीने स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. म्हैस वाचली. मागचं चाक बाजूच्या दगडांच्या ढिगावर चढलं, धाडकन खाली आलं, आणि फाळक्याची कडी निसटली. मागे काहीतरी जड आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ मथुराची किंकाळी.

इंजिन चालूच ठेवून गुणाजी उडी टाकून मागे धावला. टेंपोच्या मागे पंधरा पावलांवर मथुरा पडली होती, कठड्याला लागून. बर्फ, बोंबील, पापलेटं, चाकाचा लोखंडी पाना, सगळं रस्ताभर. तिच्या उजव्या पायाचं हाड नडगीतून बाहेर आलं होतं. दुसरा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळला होता. लुगडं रक्ताने भिजत होतं आणि ती दोन्ही हातांनी रस्ता चापटत ओरडत होती.

"माजं पाय! अरे गुनाजी, माजं पाय बघ रं!"

डोक्यावरचा रुमाल काढून गुणाजीने तिच्या गुडघ्याखाली करकचून बांधला. तोवर नंदू येऊन उभा राहिला होता. तो मथुराकडे बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, आधी पुढे, मग मागे.

"मागसून तरी हिचे पैसे भरलंस?" त्याने विचारलं.

"आता तां सोड! पाय धर हिचे, उचलूया!"

"भरलंस काय नाय, तां सांग."

"नाय भरलंय रे! धर म्हणतंय ना!"

नंदूने मान हलवली आणि टेंपोकडे वळला. गुणाजीला वाटलं, गोणपाट आणायला गेला असेल, झोळी करायला. शहाणा आहे. त्याने मथुराचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात गिअर पडल्याचा खरखराट आला आणि टेंपो मागे यायला लागला. गुणाजीने हात वर केला. "बस! बस! पुरे!" त्याला अजून वाटत होतं की नंदू गाडी जवळ आणतोय. मग इंजिनाने टिपेचा सूर धरला आणि गुणाजीला कळलं.

त्याने मथुराला काखेत धरून ओढलं. मोडलेला पाय रस्त्यावरून फरफटला आणि बाई अशी ओरडली की झाडीतले बगळे उडाले. मागचं चाक त्यांच्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. पाटी फुटली, मासळीचा चेंदामेंदा झाला, आणि त्याचं पाणी दोघांच्या तोंडावर उडालं. टेंपो थांबला. पुढे गेला. सरळ झाला. मागचा पांढरा दिवा परत लागला.

आता पळायला जागा नव्हती. मागे कठडा, बाजूला दगडांचा ढीग, आणि मांडीवर दोन पाय मोडलेली बाई. आणि इथे जे झालं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण झालं ते झालं. एका श्वासापुरतं गुणाजीच्या मनात आलं, की होऊन जाऊ दे. नंदूचा हात, नंदूची गाडी, आपण काय करणार? टेंपो वाचेल, नंदूची कलमं वाचतील, जन्मभराचं ओझं जाईल. त्याच्या हातांची पकड सुटली. मथुराचं डोकं दगडावर टेकलं आणि तिने डोळे उघडून सरळ त्याच्याकडे बघितलं. ती ओरडली नाही. नुसती बघत राहिली.

मग गुणाजी उठला. रस्त्यावरचा पाना उचलला आणि मागे येणाऱ्या टेंपोच्या बाजूने धावत जाऊन पायरीवर चढला. खिडकीतून त्याने पहिला घाव घातला तो स्टिअरिंगवरच्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज आला. टेंपो भरकटला, कठड्यावर आदळला, मथुरापासून हातभर अंतरावर, आणि बंद पडला.

"सोड माका!" नंदू किंचाळला. "कलमां माझी जातली! पोरगी माझी उघड्यार येतली! तुझा काय जाता रे? तुझा नाव तरी खंय आसा?"

"माणूस आसा ती, मेल्या! जिती आसा!"

"तूच म्हणालंस मा! तूच सांगितलंस गाडी मागे घेतत म्हणून!"

आणि त्याने दरवाजा लाथेने असा उघडला की गुणाजी पाठीवर रस्त्यात पडला. नंदू त्याच्या छातीवर बसला. हसल्याशिवाय न बोलणारा नंदू, त्याचे दात दिसत होते पण ते हसू नव्हतं. एका हाताची बोटं लोंबत होती, दुसऱ्या हाताने त्याने गुणाजीचा गळा धरला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. गुणाजीने त्याच्या तोंडावर पंजा मारला तर त्याने अंगठ्याचा लचका तोडला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. हाताखाली पाना लागला. गुणाजीने तो फिरवला आणि तो नंदूच्या कानाखाली बसला.

नंदू बाजूला कोलमडला. उठायला बघत होता, ढोपरांवर. "दादा," असं काहीसं म्हणाला. गुणाजीने दुसरा घाव घातला. तो पालथा पडला, हलायचा थांबला. गुणाजीने तिसरा घातला. हा तिसरा कशाला? पहिला जीव वाचवायला होता, दुसरा भीतीने होता. तिसरा रागाचा होता, आणि राग नंदूवरचा नव्हता, एवढं गुणाजीला पाना उतरतानाच कळलं. पण तोवर पाना उतरला होता.

त्याने नंदूला उताणा केला. कानातून, नाकातून रक्त येत होतं आणि डोळे उघडे होते. "नंदू! ए नंदू! झिला, उठ रे!" लहानपणी ह्याच पोराला खांद्यावर घेऊन त्याने ओहोळ ओलांडला होता. गुणाजी त्याच्या छातीवर डोकं आपटून ढसाढसा रडला. एवढ्या वेळात रस्त्यावर एक सायकलही फिरकली नाही.

नंदूला त्याने मागे, राहिलेल्या बर्फावर ठेवला. मथुराला फळीला बांधून पुढे केबिनमध्ये घेतलं. टेंपोचा पुढचा दिवा फुटला होता, बंपर वाकला होता, पण इंजिनाने तिसऱ्या खेपेला उचल घेतली. घाटकोपरला पालिकेचं इस्पितळ होतं. टेंपो विक्रोळीला पोचला. मथुराचे ओठ काळे पडले होते.

"तू मना सोडला व्हतास," ती म्हणाली.

"हो."

"मंग परत कशाला आलास?"

गुणाजीने अंगठ्यातून गळणारं रक्त पँटला पुसलं. "मथुराबाय, नीट ऐक," तो म्हणाला. "तू टेंपोत नव्हतीस. तू रस्त्याने चालली होतीस. मी मागून येऊन ठोकलं. समजलं?"

"मी कशाला खोटा बोलू? तुजा भाव मना मारीत व्हता. तू वाचवलास. मी तसाच सांगेन."

"तसं सांगितलंस तर तुला दमडी मिळणार नाही. हे पाय परत पाटी उचलायचे नाहीत, कळतंय ना? मग घरात काय शिजवशील? रस्त्याने चालत होतीस तरच कंपनी देईल."

"आनि तुजा भाव?"

"त्याचं मी बघतो."

इस्पितळाच्या चौकीवर हवालदार अंबादास होता, पोट सुटलेला, झोप न झालेला. मथुराला स्ट्रेचरवर घेतलं, सलाइन लावलं. नंदूला डॉक्टरांनी तपासून चादर तोंडावर ओढली. अंबादासने चादर उचलून बघितली, बाहेर जाऊन टेंपोचा वाकलेला बंपर बघितला, आणि परत आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने गुणाजीला आपणहून वाट काढून दिली.

"गाडी कठड्यावर आदळली, हा बाहेर फेकला गेला, डोकं दगडावर आपटलं. असंच ना?" पेनाचं टोपण काढत त्याने विचारलं. "गाडी हाच चालवत होता?"

एक हो म्हटलं की झालं असतं. मेलेला माणूस काय सांगणार? मथुराचं ठोकणं नंदूच्या माथी, नंदूचं मरण दगडाच्या माथी, आणि गुणाजी संध्याकाळी घरी, सुलक्षणाच्या हातचा चहा प्यायला. गुणाजीने चादरीकडे बघितलं. चादरीखालून नंदूची मोडलेली बोटं बाहेर आली होती.

"नाही," तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो. ही बाई कडेने चालली होती, माझं लक्ष नव्हतं, मी ठोकलं. आणि ह्याला मी मारला. पान्याने."

अंबादासचं पेन थांबलं. "कोण लागतो तुझा?"

"भाऊ. चुलत."

"का मारलास?"

गावात नलिनीला उद्या हे कळणार होतं. तिच्या मुलीला जन्मभर ऐकावं लागणार होतं. भावाने मारला हे ऐकेल, पण बाप बाईच्या अंगावर गाडी घालत होता हे नको. "गाडीवरून," तो म्हणाला. "गाडी त्याच्या नावावर. मला हवी होती. तो देईना."

अंबादासने पेन खाली ठेवलं, उठला, आणि गुणाजीच्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की तो भिंतीवर जाऊन पडला. "हरामखोरा! एका टेंपोपायी सख्ख्यासारखा भाऊ मारलास?" दुसरी बसली, तिसरी बसली. नाकातून रक्त आलं. गुणाजीने हात वर केला नाही.

"नाय हो सायब!" स्ट्रेचरवरून मथुरा कोपरांवर उठली. सलाइनची नळी ताणली गेली. "नका मारू त्याला! खोटा बोलतंय तो! मी सांगते काय झाला ते, मी टेंपो..."

"गप बस, मथुरे!" गुणाजी ओरडला. चार वर्षांत त्याने तिला बायशिवाय हाक मारली नव्हती. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "रस्त्याने चालणाऱ्या बाईला काय ठाऊक आमचं? गप बस!"

मथुरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पायांकडे बघितलं. डॉक्टर उजव्या पायावर गुडघ्याखाली निळ्या शाईने रेघ मारत होते, कुठून कापायचा त्याची. तिने मान उशीवर टाकली आणि डोळे मिटले.

"बाई, काय सांगत होतीस?" अंबादासने विचारलं. "तू टेंपो काय?"

"टेंपो मागून आला," मथुरा म्हणाली. "मी रस्त्यानं चालले व्हते सायब. मना दुसरा काय ठाव नाय."